वीज पडली म्हणून टीव्ही गेला? आधी मीटर रूममधला न्यूट्रल बघा

गोरेगावच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: "मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास वळवाचा पाऊस आला. विजा कडाडत होत्या. अचानक देवघरातला झिरोचा बल्ब ट्यूबसारखा लख्ख पेटला, पंखा सुसाट सुटला, टीव्हीतून फाटकन आवाज आला आणि फ्रिजच्या मागून जळका वास यायला लागला. राउटरही गेला. समोरच्या घरात मात्र उलटंच. त्यांचे दिवे मिणमिणते झाले, एसी घुंघुं करून थांबला, पण नुकसान काही नाही. वरच्या मजल्यावर दोन टीव्ही गेले. सगळे म्हणतात वीज पडली. वायरमनने प्रत्येक पॉइंटला स्पाइक गार्ड लावायला सांगितलंय. गच्चीवर वीजरोधक असताना हे झालंच कसं, आणि आता नेमकं काय लावायचं?"

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यातच उत्तर आहे. तुमच्या घरावर वीज पडलेली नाही. तुमच्या इमारतीचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी सगळ्या घरांची सामाईक तार, सुटला होता. मी २७ वर्षं मुंबईत वायरिंगची आणि मीटर रूमची कामं करतोय. पावसाच्या तोंडावर "वीज पडली, सगळं जळालं" म्हणून जे फोन येतात, त्यातल्या बहुतेक ठिकाणी शेवटी ढिला पडलेला नाहीतर जळून काळा झालेला न्यूट्रलच माझ्या हाताला लागतो. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण ही दोन दुखणी वेगळी आणि त्यांची औषधंही वेगळी. चुकीचं औषध घेऊन तुम्ही निर्धास्त राहिलात, तर नवा टीव्हीसुद्धा असाच जाईल.

देवघरातल्या बल्बने मला सांगितलं. विजेचा झटका वायरीतून येतो तो सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरता. तेवढ्या वेळात बल्बची तार तापतसुद्धा नाही, पंख्याचं पातं तर हलायचंही नाही. बल्ब डोळ्यांना दिसेल इतका वेळ लख्ख राहिला, पंख्याचा वेग वाढल्याचं कानाला कळलं, म्हणजे कितीतरी सेकंद तुमच्या घरात २३० च्या ऐवजी ३०० च्या वर व्होल्टेज होतं. आणि समोरच्यांचे दिवे त्याच वेळी मिणमिणते झाले, ही दुसरी खूण. एकाकडे जास्त आणि शेजाऱ्याकडे कमी, हे न्यूट्रल गेल्याशिवाय होत नाही.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्हाला कुणी गप्प बसवू शकणार नाही. इमारतीत येणारी केबल थ्री फेजची असते. करंट आणणाऱ्या तीन तारा म्हणजे तीन फेज, आणि एक न्यूट्रल. कुठलाही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, पण दोन फेजच्या मध्ये ४०० व्होल्ट. घरं तीन फेजवर वाटून दिलेली असतात आणि न्यूट्रल सगळ्यांना सामाईक. तो जागेवर आहे तोपर्यंत प्रत्येक घराला आपापले २३० मिळतात. तो मध्येच तुटला की तुमचं घर आणि समोरचं घर एकापुढे एक जोडल्यासारखी होतात, आणि दोघांत मिळून ४०० व्होल्टची वाटणी सुरू होते.

ही वाटणी समान नसते. सोप्या हिशेबासाठी दोनच घरं धरू. समोरच्यांकडे एसी वगैरे मिळून २००० वॉट चालू होते, तुमच्याकडे पंखा, टीव्ही, फ्रिज, दिवे मिळून २००. ज्याचा लोड दहापट, त्याच्या वाट्याला व्होल्टेज एक दशांश. म्हणजे त्यांना साधारण ३६ व्होल्ट आणि तुम्हाला ३६४. प्रत्यक्षात तिसरा फेजही असतो, आकडे थोडे हलतात, पण गोष्ट हीच. ज्या घरात कमी चालू असतं त्याच घराचं जास्त जळतं. वरच्या मजल्यावरच्या ज्या दोघांचे टीव्ही गेले, त्यांचं मीटर तुमच्याच फेजवर आहे का ते मीटर रूममध्ये बघून घ्या. बहुधा असेलच.

टीव्ही दुरुस्तीला गेला असेल तर मेकॅनिकला मागचं झाकण काढून दाखवायला सांगा. पॉवर सप्लायच्या बोर्डावर अंगठ्याएवढा एक गोल कपॅसिटर असतो, त्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेलं असतं. वायरीतला २३० व्होल्टचा उलटसुलट वाहणारा करंट सरळ करून त्यात भरला की तो ३२५ च्या आसपास बसतो, म्हणजे नेहमी निवांत. पण ४०० जवळ व्होल्टेज आलं की आत साडेपाचशेच्या वर जातो. मग त्याच्या डोक्यावरची फुलीची खाच फुगते, फाटते, तपकिरी पाणी बाहेर येतं आणि मासळीसारखा एक उग्र वास सुटतो. तुम्ही ऐकलेला फाटकन आवाज तोच. त्याच्याच जवळ एक निळी चकती असते, पुढे जिचा विषय येणार आहे ती एमओव्ही, म्हणजे क्षणभराचा जादा झटका गिळणारी. तीही काळी पडून चिरलेली दिसेल आणि शेजारची काचेची फ्यूज आतून चंदेरी-काळी झालेली असेल. खरी वीज आली की सहसा असं होत नाही. तिथे कपॅसिटर धडधाकट आणि एखाद्या आयसीला, म्हणजे काळ्या चिपला, टाचणीच्या टोकाएवढं भोक, असं सापडतं.

आता, हे पावसातच का? वळवाच्या पावसाबरोबर वारा, गारवा, ओल हे सगळं एकदम येतं आणि वर्षभर कसाबसा तग धरलेला जोड त्या रात्री हात टेकतो. वीज त्याच वेळी कडाडत असते, म्हणून सगळा दोष तिच्या माथी. पण जोड खराब व्हायला आधीची कितीतरी वर्षं लागलेली असतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या पट्टीवर अॅल्युमिनियमची लग, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा कान, बसवली की त्या दोघांत गंज धरतो. वरळीला, वर्सोव्याला मी मीटर रूममध्ये बोटभर जाडीचे बोल्ट हाताने फिरलेले पाहिलेत, लग ओढली की पांढऱ्या भुकटीसकट हातात येते. त्यात आपल्या जुन्या इमारतींमध्ये केबल साडेतीन कोअरची. म्हणजे फेजच्या तीन तारा पूर्ण जाडीच्या आणि न्यूट्रल निम्म्या जाडीचा. त्या काळी ते बरोबर होतं. तिन्ही फेजचा करंट एकमेकांना छेद देऊन न्यूट्रलमधून थोडाच परत जायचा. पण आता घरोघरी एलईडी दिवे, टीव्ही, चार्जर, कॉम्प्युटर. ही सगळी उपकरणं करंट घेतात तो गचके देत, आणि त्यातला काही भाग तिन्ही फेजकडून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदत नाही, उलट बेरीज होतो. निम्म्या जाडीचा न्यूट्रल त्यामुळे फेजपेक्षा जास्त तापलेला मी क्लॅम्प मीटर लावून कितीदा दाखवून दिलाय. आणि रस्त्याखालच्या जोडांचं काय सांगू. एप्रिल-मेमध्ये शहरभर खोदाई चालते, कुदळ किंवा जेसीबी केबलला लागतो, जोड मारून खड्डा बुजवतात, पहिल्या पावसात त्या जोडात पाणी शिरतं.

मग एमसीबी का पडली नाही, असं तुम्ही विचाराल. एमसीबी करंट मोजते. जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडते. व्होल्टेज किती आहे याच्याशी तिला काही घेणं नाही. ईएलसीबी म्हणजे आरसीसीबी माणसाला शॉक लागू नये म्हणून, करंट जमिनीत गळू लागला की पडते. तिचंही तेच. दोन्ही हव्यातच, पण त्यांचं काम हे नाही.

आणि स्पाइक गार्ड. तुमच्या वायरमनला नावं ठेवायची नाहीत, दुकानात जे मिळतं ते त्यांनी सांगितलं. पण स्पाइक गार्डमध्ये असतो तो तोच एमओव्ही, निळी चकती. क्षणभराचा झटका गिळायला ती उत्तम. पण ३६४ व्होल्ट पाच सेकंद तिच्यावर टिकले तर ती तापते, फुटते, आणि कधी कधी आजूबाजूचं प्लास्टिक घेऊन पेटते. लालबागच्या एका चाळीत टीव्हीच्या खाली वितळलेला स्पाइक गार्ड मी स्वतः सोडवलाय, त्याचा पांढरा भाग फर्निचरच्या सनमाइकाला चिकटून बसला होता. नशीब घरात माणसं जागी होती. शिवाय बाजारात स्पाइक गार्ड म्हणून विकले जाणारे कितीतरी बोर्ड म्हणजे नुसते लाल दिव्याचे एक्स्टेन्शन, आत चकतीच नाही. खोक्यावर झटका गिळायची ताकद सांगणारा जूलचा आकडा आणि संरक्षण चालू असल्याचा वेगळा दिवा नसेल तर पैसे देऊ नका.

स्टॅबिलायझरही या कामाचा नाही. तो हळूहळू वरखाली होणारं व्होल्टेज सांभाळतो. चांगल्या एसी स्टॅबिलायझरला हाय कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की सप्लाय तोडणारी सोय, असतो, तो काही प्रमाणात वाचवतो, पण त्याच्या मागे एकटा एसीच. "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं लिहिलेले फ्रिज २९०-३०० पर्यंत सोसतात, त्यापुढे तेही हात टेकतात.

तर पहिलं औषध मीटर रूममध्ये. सोसायटीकडून परवानाधारक ठेकेदाराला बोलवा आणि त्याला तीन गोष्टी लेखी करून मागा. रात्री लोड असताना तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज. ते साधारण सारखं असायला हवं. एकीकडे २१० आणि दुसरीकडे २५५ अशी तफावत आली तर न्यूट्रल अजून अर्धवटच धरून आहे. दुसरं, न्यूट्रल पट्टीचा प्रत्येक जोड सप्लाय बंद करून उघडून बघणं. पुन्हा बसवताना तांबं आणि अॅल्युमिनियम यांच्यासाठी जी बायमेटल लग मिळते ती वापरणं, जोडावर गंजरोधक पेस्ट लावणं आणि बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळणं. तिसरं, साडेतीन कोअरची केबल बदलून चार कोअर पूर्ण न्यूट्रलची टाकायला किती खर्च येतो त्याचं कोटेशन. मोठं काम आहे, पण इमारतीतल्या सगळ्यांचे टीव्ही आणि फ्रिज एकत्र मांडले तर आकडा मीटिंगला पटतो. मीटरच्या आधीचे, बाहेरून येणाऱ्या केबलच्या बाजूचे, सील केलेले भाग वीज कंपनीचे, त्यांना तुमच्या माणसाने हात लावायचा नाही. तिथे संशय असेल तर लेखी तक्रार करून त्यांनाच बोलवायचं. आणि जुन्या मीटर बोर्डावर न्यूट्रलमध्ये किटकॅट फ्यूज दिसली तर ती त्याच दिवशी काढून तिथे सरळ लिंक बसवून घ्या. थ्री फेजच्या न्यूट्रलमध्ये फ्यूज म्हणजे असा अपघात आपणच मांडून ठेवणं.

न्यूट्रल पूर्ण तुटायच्या आधी घरात बसूनही कळतं. आपण स्वतः गिझर लावला की दिवा जरासा मंदावतो, ते चालतं. पण दुसऱ्या कुणाचा एसी किंवा गिझर सुरू होतो त्या वेळी आपला दिवा उजळतो, तर मात्र गंभीर घ्या आणि त्याच दिवशी माणूस बोलवा.

दुसरं औषध तुमच्या घरातल्या डीबीत, म्हणजे एमसीबीच्या पेटीत: ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्या शेजारी त्याच पट्टीवर बसतो, समोर व्होल्टेजचा आकडा दिसतो. व्होल्टेज ठरवलेल्या हद्दीबाहेर गेलं की सेकंदाच्या आत घराचा सप्लाय तोडतो, आणि व्होल्टेज परत जागेवर येऊन काही काळ टिकलं की आपोआप जोडतो. वरची हद्द २६५ ते २७०, खालची १७५ ते १८०, आणि परत जोडण्याचा वेळ तीन मिनिटं ठेवा. तीन मिनिटं यासाठी की फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. घेताना त्याची अँपिअर क्षमता तुमच्या मेन एमसीबीएवढी किंवा जास्त असावी. हे एक उपकरण मागच्या आठवड्यात तुमच्याकडे असतं तर तुम्हाला फक्त अंधार दिसला असता आणि टीव्ही आज चालू असता. माझ्या स्वतःच्या घरात, बहिणीच्या घरात, आणि मी ज्यांचं नवीन वायरिंग करतो त्या प्रत्येक घरात मी हे बसवतोच. कुणी पैसे वाचवायला नको म्हणालं तर दिव्यांच्या डिझाइनमध्ये काटछाट करतो, यात नाही.

आता खऱ्या विजेकडे येऊ, कारण तिचंही भय खोटं नाही. मुंबईत विजा सर्वात जास्त कडाडतात त्या मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला, आणि पुन्हा परतीच्या पावसात, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टची संततधार त्यामानाने शांत. गावाकडे खांबावरच्या तारांतून झटका घरात येतो. मुंबईत बहुतेक ठिकाणी विजेच्या केबल जमिनीखालून असल्याने ती वाट थोडी अडलेली असते. पण आपण तिला दुसरी वाट करून दिली आहे: एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबणाऱ्या केबल टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या वायरी.

दहिसरला काही वर्षांपूर्वी असंच एक काम आलं होतं. वीज पडली होती समोरच्या टॉवरवर, या इमारतीवर नाही. दिवा एकदाही मिचकावला नाही, पण सात घरांतले राउटर एकाच क्षणी गेले. मी प्रत्येकाचा अडॅप्टर तपासला, सगळे ठीक. राउटरचा फक्त तो एक पोर्ट मेलेला, जिथे बाहेरून येणारी लॅन केबल लागते. एका राउटरचा तो पोर्ट मी भिंग लावून पाहिला. आठ सोनेरी पट्ट्यांपैकी दोन काळवंडलेल्या, आणि मागच्या चौकोनी ट्रान्सफॉर्मरच्या काठावर बारीक तडा. दोन घरांत टीव्ही राउटरला वायरने जोडलेले होते, त्यांचे टीव्हीचे पोर्टही गेले. ज्या घरात फायबर थेट आतपर्यंत आलं होतं, ते सुखरूप. वीज जिथे पडते तिथे हजारो अँपिअरचा करंट क्षणात वाहतो, आणि आसपासच्या प्रत्येक लांब तांब्याच्या तारेत त्याचा झटका उमटतो. शंभर मीटरची लोंबती वायर म्हणजे त्यासाठी बांधलेला सापळाच. काचेच्या फायबरमध्ये करंट शिरत नाही.

म्हणून इंटरनेटवाल्याकडे आग्रह धरा की गच्चीवरच्या स्विचमधून, म्हणजे इंटरनेट वाटणाऱ्या पेटीतून, तांब्याची लॅन केबल नको, फायबर घरात आणून द्या. फायबरला आधाराची लोखंडी तार असेल तर ती खिडकीच्या बाहेरच कापून टाकायला सांगा, ती राउटरपर्यंत आणायची नाही. टीव्ही राउटरला वायफायनेच जोडा. डिश असेल तर तिचा धातूचा स्टँड अर्थ करून घ्या, आणि वादळात सेट टॉप बॉक्सच्या मागची गोल केबल फिरवून काढा. टीव्हीचा प्लग काढून ती केबल तशीच ठेवणारे खूप जण आहेत. झटका मग सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेने टीव्हीत शिरतो.

सप्लायच्या वायरीतून येणाऱ्या झटक्यासाठी डीबीत एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, बसवतात. हाही एमओव्हीच, पण मोठा, खिडकीत हिरवा-लाल रंग दाखवणारा. हिरव्याचा लाल झाला की त्याचं आयुष्य संपलं, काडतूस बदलायचं. तीन प्रकार असतात. इमारतीच्या मुख्य पॅनलला, खासकरून गच्चीवर वीजरोधक असेल तर, टाइप १. घराच्या डीबीत टाइप २. आणि उपकरणाजवळ टाइप ३, म्हणजे चांगला स्पाइक गार्ड. या क्रमात तो उपयोगी, एकटा नाही. घरासाठी घेताना त्याचं सतत सोसायचं व्होल्टेज, जे 'यूसी' म्हणून छापलेलं असतं, ते २७५ नको, ३२० किंवा अधिक घ्या. कारण मघाशी सांगितलं तेच. आपल्याकडे न्यूट्रल जातो, आणि २७५ वाला त्यातच जळतो. त्याच्या आधी वेगळी एमसीबी हवी. आणि वायरी आखूड, फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थच्या पट्टीपर्यंत मिळून अर्ध्या मीटरच्या आत. वायरी सुंदर दिसाव्यात म्हणून वळसे घालून नेल्या की प्रत्येक मीटरमागे हजारभर व्होल्ट वाढतात आणि एसपीडीचं निम्मं काम वाया जातं. एवढी एक गोष्ट समोर उभं राहून करून घ्या.

अर्थिंगशिवाय एसपीडीचं अर्धं काम होतच नाही. जुन्या चाळींत, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ सोसायट्यांतही, तीन पिनच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक रिकामंच असतं. मागे वायरच नाही. ते तपासणं वायरमनचं काम. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज दोन-तीनच्या आत असावं. पूर्वी पाण्याच्या लोखंडी पाइपाला अर्थ बांधायचे, आता पाइप प्लास्टिकचे झाले आणि तो अर्थ हवेत लोंबतोय. आणि एक हात जोडून विनंती. अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ पिन वायरने जोडून देणारे लोक आहेत. हे कधीही करू देऊ नका. ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी तुमच्या फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण व्होल्टेज येईल आणि हात लावणारं माणूस जाईल. टीव्ही परत घेता येतो.

तुमच्या गच्चीवरचा वीजरोधक इमारतीसाठी आहे. वीज पडली तर काँक्रीट फुटू नये, आग लागू नये म्हणून ती कांडी करंट जमिनीत नेते. टीव्ही वाचवणं तिचं काम नाही. पण ती जोडलेली आहे का ते जरूर बघा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा पत्र्याची शेड करताना कंत्राटदार तांब्याची पट्टी आड येते म्हणून कापतात, किंवा ती चोरीला जाते, आणि कांडी वर नुसती उभी राहते. अशी तुटलेली कांडी नसलेली बरी. तिच्या अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत असावा, दरवर्षी पावसाआधी मोजून घ्यावा. "एकच कांडी, एवढ्या मीटरपर्यंत सगळं सुरक्षित" असं सांगून महागडी कांडी विकणारे सोसायटीत येतील. वीजसंरक्षणाचं आपलं मानक आयएस/आयईसी ६२३०५ अशा जादा पल्ल्याच्या दाव्याला मान्यता देत नाही, एवढं त्यांना विचारा.

वादळाच्या दिवशी काय करायचं ते थोडक्यात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप मोबाइलवर घेऊन ठेवा, आसपास वीज पडतेय का ते कळतं. आभाळ भरून आलं की आधीच प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि बटणातली मिलिमीटरभर फट झटक्याला काहीच नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला की मग प्लगला, वायरच्या फोनला, नळाला हात लावायला जायचं नाही, टीव्ही गेला तर जाऊ दे. अशा वेळी गिझरखाली अंघोळही नको. चार्जिंगला न लावलेला मोबाइल वापरायला हरकत नाही.

वीज गेली तर परत येण्याची वेळ जपा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज एकदम गेली होती, लोकल थांबल्या होत्या, ते आठवत असेल. अशा वेळी सप्लाय येताना सगळीकडचे एसी, पंप, फ्रिज एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज काही मिनिटं हेलकावे खातं. एक दिवा चालू ठेवून बाकी सगळं बंद करा, तो दिवा पाच मिनिटं स्थिर जळला की एकेक लावा.

आता तुमच्या नुकसानीचं. दुरुस्तीला देण्याआधी प्रत्येक वस्तूचे आणि जळलेल्या बोर्डाचे फोटो काढा, मेकॅनिककडून "जास्त व्होल्टेजने जळाले" असं लेखी घ्या. वीज कंपनीकडे त्या रात्रीची तक्रार नोंदवली असेल तर तिचा क्रमांक जपा, नसेल तर आजच लेखी नोंदवा आणि इमारतीतल्या ज्या ज्या घरांचं नुकसान झालं त्या सगळ्यांनी मिळून सही करा. दोष मीटरच्या आधी, कंपनीच्या बाजूला निघाला आणि कंपनीने ऐकलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं. दोष सोसायटीच्या पट्टीत निघाला तर तो खर्च सोसायटीने कसा सोसायचा ते मीटिंगमध्ये ठरवा, पण आधी पट्टी दुरुस्त होऊ द्या. घराचा विमा असेल तर कागद काढून बघा. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या भारत गृह रक्षा पॉलिसीत वीज पडून झालेलं नुकसान येतं, पण तुमचं नुकसान वीज पडून झालेलं नाही. दाव्यात "वीज पडली" असं लिहून मोकळे होऊ नका. जे झालं तेच लिहा आणि व्होल्टेजच्या नुकसानीचं कलम आहे का ते एजंटकडून लेखी विचारून घ्या.

फ्रिज अजून टाकू नका. इन्व्हर्टर फ्रिज असेल तर बहुधा मागचं कंट्रोल बोर्डच गेलंय, कॉम्प्रेसर शाबूत असतो. जुन्या पद्धतीचा असेल तर रिले आणि ओव्हरलोड आधी बदलून बघायला सांगा, मग कॉम्प्रेसरचं वाइंडिंग मोजायला सांगा. टीव्हीचाही पॉवर सप्लाय बोर्ड वेगळा मिळतो. आणि दुरुस्त होऊन आलेली कुठलीही वस्तू मीटर रूममधलं काम होईपर्यंत प्लगला लावू नका. न्यूट्रल अजून तसाच असेल तर तो पुन्हा कधीही सुटू शकतो, त्याला पावसाचीही वाट बघायची गरज नाही.